उतरणारं कापड

११ फेब्रुवारी

कपाट!

नवरा मला कपाट म्हणाला. "तिच्याबरोबर नाचायचं म्हणजे कपाट ढकलत न्यायचं हो — वर दारं उघडत नाहीत ना, तेही बघायचं!" आणि हसला सगळा नाचाचा हॉल. मास्तर हसले. याची ती नवी जोडीदारीण हसली. हा तर काय, आपल्याच विनोदाला आधी आपणच हसतो, जुनी खोड.

मी दारात उभी. हातात याचेच नाचाचे बूट. घरी विसरून गेला होता, म्हटलं नेऊन द्यावेत. आतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि परत फिरले. कुणाचं लक्ष गेलं नाही. कपाटाकडे कोण बघतंय!

घरी आला शीळ घालत. "बूट तू ठेवलेस होय? बरं झालं बाई!" तू आत का नाही आलीस — हे विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

इथे लिहूनच ठेवते. नाहीतर चार दिवसांनी तो गोड बोलेल आणि मी विरघळेन. माझा स्वभावच मेला सुती जर्सीच्या कापडासारखा. कुणी ताणलं की ताणला जातो, परत मूळ मापावर यायचं नाव नाही.

तर — आमची ओळखच त्या हॉलमधली, लग्नाच्या आधीची. तेव्हा याला डावा-उजवा कळत नव्हता. मास्तरांनी हात टेकले होते. मी शिकवलं. तोल कसा धरायचा, जोडीदारणीच्या पाठीवर हात कुठे ठेवायचा, पुढचं पाऊल टाकायच्या आधी तिला ते कसं कळू द्यायचं. वर्षानुवर्षं नाचलो. बक्षिसांचे पेले अजून दुकानात फळीवर आहेत, दोऱ्यांच्या रिळांमागे. मग माझा गुडघा गेला. आतली गादी झिजली, डॉक्टर म्हणाले. चाला-फिरा, पण गिरक्या बंद. त्या दिवशी हा माझा हात धरून म्हणाला होता, "तू नाहीस तर मीही नाही."

एक हिवाळा पाळलं. मग "नुसतं बघून येतो". मग "मास्तरांना एक जोडी कमी पडतेय". मग ती.

तिचं नाव इथे लिहायची नाही मी. फिरकी म्हणेन. आहेच तशी — बोटावर ठेवावी नि सोडून द्यावी.

१३ फेब्रुवारी

सकाळी चहा करून आणलान! कुंडीत ओतला.

१८ फेब्रुवारी

काम होतं म्हणून वाचले. पुढच्या खोलीत दुकान, पडद्यामागे घर. पडदा ओढला की नवरा नाही. हे एक बरं.

एक आजीबाई आल्या, लेकीला बाळ व्हायचंय. झबल्यांसाठी पातळ, झुळझुळीत जर्सी घेऊन बसल्या होत्या मांडीवर. म्हटलं, आजी, ही कापली की काठाची सुरळी होते आणि ती बाळाच्या मानेला काचते. इंटरलॉक घ्या. दोन्ही बाजूंनी सारखं, गुबगुबीत, काठ वळत नाही, उलटं घातलं तरी कळत नाही. "उलटं घातलेलं चालतं?" आजी खूश. अर्ध्या झोपेतल्या आयांना दुसरं काय हवं!

मग तो सामान पोचवणाऱ्या मुलांचा मुकादम. सगळ्यांना टी-शर्ट हवेत, "जाड द्या, टिकाऊ". म्हटलं, दिवसभर सायकल मारणार, घाम येणार, आणि जाड सुती घालून ओल्या पोत्यासारखे फिरणार का? मध्यम वजनाची साधी जर्सी, सुतात थोडं पॉलिस्टर. वाळते लवकर. त्यानं मुठीवर ताणून बघितलं, मी शिकवलं तसं. सोडलं की कापड जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर चार दिवसांत कोपराला पिशव्या.

नणंद ओव्हरलॉकच्या मशिनवर बसली होती. म्हणाली, "वहिनी, आज कात्री फार कराकरा चालतेय. दादाशी काही बिनसलंय का?"

"काही नाही गं. धार गेलीय."

धार आलीय, खरं म्हणजे.

२० फेब्रुवारी

दैव देतं ते असं — दारात आणून!

फिरकी आली दुकानात. आपल्या पायांनी. "ताई, सर म्हणाले, जर्सीतलं ताईंइतकं कुणाला कळत नाही." सर म्हणजे आमचे हे. चष्म्याच्या दुकानात काचा पुसतात, तिथे सर झालेत.

एप्रिलच्या स्पर्धेसाठी तिला लांब झगा हवाय. पूर्ण गोल घेर, पायघोळ, "फिरले की फुलला पाहिजे आणि थांबले की पाण्यासारखा पडला पाहिजे, ताई!" हात हलवून दाखवलंन. हात सुंदर आहेत मेलीचे.

माझा हात सवयीनं बरोबर ताग्याकडे गेला — पॉलिस्टर-लायक्राची हलकी जर्सी. फुलते, पडते, घामानं भिजली तरी हूं की चूं नाही, मापात राहते. नाचाला तीच. शेंबडं पोरही सांगेल.

तेवढ्यात तिनं दुसरंच कापड उचललं. वाइनच्या रंगाचं व्हिस्कोस. गालाला लावलं. "अय्या, हे किती गार आहे! आणि जड! हे पडेल ना छान?"

पडेल. पडतंच ते. व्हिस्कोस जर्सी म्हणजे हातात धरली तर सायीसारखी, पण स्वतःच्या वजनानं स्वतःच लांबत जाते. तिचा छोटा टॉप करा, आखूड झगा करा, घालणारी राणी दिसेल बाई. पण पायघोळ गोल घेर? सरळ धाग्यावर कमी उतरणार, तिरक्यावर जास्त. आणि अंगची ऊब लागली, घाम लागला की आणखी. म्हणून शहाणा शिंपी असला घेर कापला की दोन दिवस टांगून ठेवतो, उतरायचा तेवढा उतरू देतो, मग कापून दुमडतो. आणि नाचणारीला तर देतच नाही.

हे सगळं माझ्या जिभेवर होतं. म्हणाले, "छान निवडलंस."

दोनच शब्द. जीभ अडखळली नाही.

२१ फेब्रुवारी

माप घ्यायला आली होती. कमरेला फीत लावताना पुटपुटत होती, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, पावलं मोजत. मग एकदम, "ताई, तुम्हीही नाचायचात ना? सर म्हणतात, दुकानामुळे तुम्हाला आता वेळ होत नाही."

वेळ! माझ्या गुडघ्याचं नाव वेळ!

म्हणजे तिला ठाऊकच नाही. तिला वाटतं मी आपणहून सोडलं. कपाटाच्या विनोदाला हसली ती त्यामुळे. म्हणजे तिचा दोष थोडा कमी? नाही. हसली ती हसलीच.

बुटाच्या टाचेसकट उंची घेतली. बुटाच्या पट्ट्याला जेमतेम शिवेल इतका घेर. त्याखाली फरशी. मध्ये दोन बोटं जागा.

३ मार्च

ठरवलंय. टांगायचा नाही. कापायचा आणि तसाच दुमडायचा. शिवाय खालच्या काठाला काचेचे मणी. तीच म्हणाली होती, "काहीतरी चमकतं लावा ना". लावते. दोन ओळी लावते! प्रत्येक मणी ओढणार खाली.

पहिल्या नाचाला काही दिसणार नाही. दुसऱ्याला काठ बुटावर येईल. तिसऱ्या-चौथ्याला फरशीवर. आणि मग त्याच्या हातातून, त्याच्या त्या पिसासारख्या जोडीदारणीचा पाय अडकेल आणि ती धप्पकन तोंडावर! सगळ्या गावासमोर. त्याला काय वाटेल ते बघायचंय मला. पुढच्या रांगेत बसून बघायचंय. मग घरी आला की विचारेन — काय हो, कपाट कधी पडलं होतं का हातातून?

१० मार्च

शाळेतल्या एक बाई, सातवा महिना. साडेसातीत असल्यासारख्या घामेजलेल्या. बांबूच्या सुताची जर्सी दिली, लायक्रा घातलेली. पोट वाढेल तशी वाढेल, मग परत येईल. गुडघ्यापर्यंतच ठेवा म्हटलं, मऊ कापड लांब ठेवलं की उतरतं.

बोलले आणि गप्प झाले. नणंदेनं वर बघितलं. बघितलं की मला वाटलं?

एक तरुण पोरगा, नव्या नोकरीला लागलेला. कोटासारखं दिसेल पण कोट वाटणार नाही असं काहीतरी हवं. पोंटे काढून दिलं. दुहेरी विणीचं, दमदार, उभं राहतं. खांद्यावर बसतं, इस्त्री मागत नाही. आरशात स्वतःकडे बघून लाजला. किती खरं खरं सांगते मी सगळ्यांना! एकीपुरतं फक्त नाही.

१७ मार्च

घेर कापला. टेबलभर पसरला होता वाइन सांडल्यासारखा. सुंदर कापड आहे — कापडाचा काय दोष!

हा डोकावला पडद्यातून. रविवार म्हणून तागे वर चढवायला मदत करत होता. "तिचा का? रंग झकास आहे." मग माझ्याकडे बघून, "तू बरी आहेस ना? हल्ली बोलत नाहीस."

"बोलायला वेळ होत नाही. दुकानामुळे."

त्याला लागलं नाही. त्याला काही लागतच नाही.

२६ मार्च

नणंद मणी ओवायला बसली होती. काठ हातात घेतला, बोटांत चोळला, उभा धरला, थोडा सोडला. तिचे हात माझ्याच हाताखाली तयार झालेत. तेच आता नडताहेत!

"वहिनी, हे व्हिस्कोस ना? दुमडलं आपण? टांगलं नव्हतं?"

"टांगलं होतं."

"कधी? मला कसं दिसलं नाही?"

"तू नव्हतीस. तिकडे मागच्या खोलीत."

ती मणी ओवत राहिली. नंतर जाताना उगीचच म्हणाली, "ती पोरगी चांगली आहे गं. परवा माझी पिशवी उचलून दिलीन जिन्यावर."

पिशवी उचलली म्हणे! सगळ्या गावाच्या पिशव्या उचल, माझं काय जातंय.

५ एप्रिल

शेवटचं घालून बघितलं. आरशासमोर हलकेच एक गिरकी घेतलीन. घेर उठला, फुलला, आणि थांबली तसा — खरंच पाण्यासारखा पडला. असा झगा मला कधी मिळाला नव्हता. मी स्वतःसाठी नेहमी उरलेल्या तुकड्यांतून शिवत आले.

"ताई, मी रडेन हं आता!" आणि गळ्यात पडली माझ्या.

टाचण्यांची डबी हातात होती. एक टोचली मलाच.

आता सांगावं का? एक वाक्य. "ठेव, दोन दिवसांनी ने, काठ परत बघते." तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात बाहेरून हा — "झालं का गं तिचं? बघू दे तरी!" आणि आला आत, आणि बघत राहिला. तोंड उघडं. माझ्याकडे असं कधी बघितलं होतं? आठवत नाही. आठवत नाही म्हणजे नाहीच.

घडी करून पिशवीत घातला. घडी! टांगून नको ठेवूस, म्हटलं तिला, कपाटात घडीच बरी. म्हणजे आधीच उतरायला नको.

१२ एप्रिल

स्पर्धा झाली. झोप येत नाही. लिहिते तरी.

पुढच्या रांगेत बसले होते, शेजारी नणंद. हॉल खच्चून भरलेला, खिडक्या बंद, ऊब नुसती. पहिला नाच वॉल्ट्झ. तरंगली ती. टाळ्या. काठ बुटाच्या पट्ट्यावर. दुसऱ्या नाचानंतर तिच्या कपाळावर घाम, आणि काठ बूट झाकून खाली. मला दिसत होतं. एकटीला मला. नणंद माझ्या हाताला धरून होती — नंतर कळलं, तिलाही दिसत होतं.

तिसरा नाच टँगो. तिनं दोनदा खाली बघितलं. एका हातानं घेर थोडा उचललान. मास्तर तिकडून डोळे वटारतायत, हात खांद्यावर हवा ना! सोडला बिचारीनं.

बिचारी लिहिलं मी. राहू दे.

चौथ्याच्या आधी मिनिटभर थांबतात. तेव्हा उठता आलं असतं. दहा पावलांवर होती. "थांब, दोन टाचण्या लावते" — कोण काय म्हणालं असतं? शिंपीणच ना मी. नणंद कानाशी पुटपुटली, "वहिनी, ऊठ ना." मी नाही उठले. माझा गुडघा दुखतो, म्हटलं मनात.

चौथा नाच भराभर गिरक्यांचा. काठ फरशी पुसत होता. मणी कुरकुरत होते, मला ऐकू येत होते इतक्या वाजंत्रीत. कोपऱ्यावरचं वळण आलं. ती मागे सरकतेय, तिची टाच उचललेली, खाली काठ — आता!

आणि पडला तो.

त्याचा पाय तिच्या घेरावर. पाय निसटला, अंग एकीकडे, पाय एकीकडे. तिचा झगा कमरेत उसवला पण ती उभी राहिली. आवाज झाला एक. वाळकी काठी मोडते तसा. वाजंत्री थांबायच्या आत.

मी धावले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धावायचं नाही. धावले.

१३ एप्रिल

नडगी मोडली, घोट्याच्या वर. दोन ठिकाणी. मांडीपर्यंत प्लास्टर.

डॉक्टर विचारत होते कसं झालं. म्हणाला, "माझाच पाय चुकला. वय झालं, दुसरं काय." फिरकी कोपऱ्यात रडत होती, "नाही हो सर, माझाच घेर आला मध्ये." तर हा, "गप गं! तुझं काही चुकलं नाही."

तिला पाठीशी घालतोय! मोडक्या पायानं! मला वाटलं होतं, दया येईल मला. आली. पण त्याखाली तो जुना राग तसाच बसलाय, हातपाय पसरून. एवढा पडला, तरी तिचंच राखतोय.

१५ एप्रिल

नणंद आली. बसली नाही. पडद्याआड तो झोपलेला म्हणून हळू बोलली.

"वहिनी, मी काठ हातात घेतला होता. तू टांगला नव्हतास."

मी मापाची फीत गुंडाळायला घेतली.

"दादाला सांगणार नाही मी. त्याला आता घरी तूच आहेस ना बघायला. पण माझ्या हातांनी ओवून घेतलेस ते मणी. मला ठाऊक नसताना."

"तुला काय माहीत मला काय म्हणाला होता तो!"

"नाही माहीत. सांगितलंस कुठे?" एवढं बोलून गेली. ओव्हरलॉकवरचं झाकण घालून गेली. म्हणजे येणार नाही उद्या.

करायला गेले एक. झालं काय — नवरा मोडला, नणंद गेली, आणि फिरकी धडधाकट!

२० एप्रिल

घंटी दिलीय त्याला, पितळी. दिवसभर वाजवतो. पाणी. उशी. खाज सुटली, पट्टी दे. मी जाते, पण सावकाश जाते. कपाट आहे ना मी, ढकलल्याशिवाय कसं हलणार! हे एवढं सुख लुटतेय सध्या. पाणी नेताना मध्येच थांबून एक टाका घालते.

त्याला कपडे नव्हते प्लास्टरवरून जाणारे. शिवले. मनात होतं, बोचरं पॉलिस्टर द्यावं, उकडू दे. हातानं इंटरलॉक उचललं! एक पाय रुंद, बाहेरच्या बाजूनं वरपर्यंत उघडा, दाबाची बटणं. वर घालायला जुन्या धुवट सुताची पातळ जर्सी. पाठीवर पडून राहणार, म्हणून मागे टीपच ठेवली नाही, खांद्याची शिवण पुढे घेतली.

घातलं. हात फिरवलान. "मऊ आहे गं." मग डोळे मिटून घेतले.

चिडले. स्वतःच्या हातांवर. इतकी वर्षं बरोबर कापड उचलायचीच सवय — एकदाच काय ते चुकीचं उचलू दिलं, आणि त्यानंही माझं ऐकलं नाही.

२८ एप्रिल

फिरकी आली! घट्ट वेणी, हातात ती पिशवी. मला वाटलं त्याला बघायला आली. तर पडद्याकडे बघून "सर बरे आहेत ना?" आणि लगेच पिशवीतून झगा काढलान. कमरेला उसवलेला, काठ मळलेला.

"ताई, हा आखूड करून द्याल? जूनमध्ये पुढची फेरी आहे. मास्तरांनी जोडीदार दिलाय नवा. पोहण्याच्या तलावावर शिकवतो तो. काय उचलतो ताई! मला तर वाटतं आधी मी एखादं — " आणि थांबली. तोंडावर हात.

पडद्यामागे घंटी वाजली नाही.

एखादं काय? मीच पुरं करू का वाक्य? टेबल? पलंग? सगळं लाकडी सामान आहे गं आमच्याकडे!

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. जे मी महिनाभर शिवत बसले ते तिनं एका श्वासात करून टाकलं. मी हसणार होते. आत जाऊन त्याच्यासमोर उभी राहून हसणार होते. गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. प्लास्टरमुळे कूस बदलता येत नाही, नुसती मान वळवलेली. कानामागचे केस पांढरे झालेत.

हसू नाही आलं. आता ते कुठून आणू?

२९ एप्रिल

झगा आखूड करणार नाही. तिला सांगितलं, हे कापड नाचाचं नाही, याचा मी तुला टॉप करून देते, छान दिसेल. घेर नवा शिवते, हलक्या जर्सीचा.

"पण ताई, तुम्हीच म्हणालात ना छान निवडलंस?"

"चुकले."

तिच्यावरचा राग गेला असं मुळीच नाही. पण त्या तलाववाल्याचा पाय मोडून मला काय मिळणार!

४ मे

नणंद आली. झाकण काढलं, दोरा घातला, बसली. मी तिला सांगितलं, तो हॉलमध्ये काय म्हणाला होता ते. शब्द न् शब्द. मशिन चालवत ऐकलंन. शेवटी एवढंच म्हणाली, "मेला."

मग थोड्या वेळानं, "तरी पण, वहिनी."

९ मे

नव्या झग्याचा घेर टेबलावर कापून ठेवला होता. दुमडायला घेतला. पडदा उघडा होता. पलंगावरून म्हणाला, "कापड कुठलंही असो. हा टांग दोन दिवस. मग दुमड."

नणंदेचं मशिन थांबलं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"दुसऱ्या नाचाला. हाताला जड लागायला लागला घेर."

"मग थांबला का नाहीस!"

"बक्षीस दिसत होतं." प्लास्टरवर बोट फिरवलान. "शेवटी तिची टाच अडकणारच होती. मी माझा पाय घेरावर आधी टाकला, पडायचं तर मी पडेन म्हणून." मग माझ्याकडे न बघता, "माझ्याच नावानं शिवलं होतंस ना ते?"

इतकं जपून बेतलं मी, इतके दिवस. आणि त्यातही पाऊल त्यानंच आधी टाकलं!

घेर टांगला.